उद्या डावीकडे असतो

खारशेत गावात आलेख आला तेव्हा त्याला ओवाळायला वेशीवर सुवासिनी उभ्या होत्या. पुढे बँजो होता. आलेख टेम्पोत होता. टेम्पोच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी हेरंब कुबल बसला होता आणि त्याचे कान तापले होते. अजून त्याच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. पण पुढे काय होणार याची कल्पना कानांना आधीच आली असावी.

आलेख फ्लेक्सवर छापलेला होता आणि गावातल्या मोठ्या होडीएवढा लांब होता. मधोमध एक निळी रेघ. रेघेवर उजवीकडे एक लाल ठिपका आणि ठिपक्याशेजारी 'आपण इथे' अशी अक्षरं. वर 'हार्दिक स्वागत'. खाली तालुक्यातल्या मान्यवरांची हसरी तोंडं ओळीने. ती तोंडं जिथे होती तिथे खरं तर आलेखाचा आडवा अक्ष होता. अक्षावर वर्षांचे आकडे असतात. पण आकड्यांना मतदारसंघ नसतो, त्यामुळे त्यांना तोंडांच्या मागे जावं लागलं.

हे सगळं कायद्याने चाललं होतं. समुद्राकाठची गावं वर हलवायची वेळ आली, तेव्हा सरकारने आधी अधिकारी पाठवून पाहिले. अधिकाऱ्यांना गावांनी चहा पाजून परत पाठवलं. मग कायदा झाला: बर्फातून निघालेला मूळ आलेख गावाला दाखवल्याशिवाय कुणालाही हलवायचं नाही, आणि दाखवणारा त्याच गावचा असायला हवा. आलेख पाहून गाव जे ठरवील ते अंतिम. 'हो' म्हटलं तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, घरं, शाळा, पाणी. 'नाही' म्हटलं तर ती जागा पुढच्या गावाला. या कार्यक्रमाचं सरकारी नाव होतं 'आलेखदर्शन', आणि नावात दर्शन असल्यामुळे लोक चपला काढून येत.

खारशेतचा असा एकच माणूस होता ज्याला आलेख कळत होता. तो टेम्पोत बसून कान चोळत होता.

*

हेरंब पुण्याजवळच्या एका हिमगाभा केंद्रात कामाला होता. हिमगाभा म्हणजे दक्षिण ध्रुवावर खोल भोक पाडून बाहेर काढलेले बर्फाचे लांब दंडगोल. तिथे पडलेलं हिम वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, त्यावर त्याच्या पुढच्या. खालचं दाबलं जातं आणि त्याचा बर्फ होतो. होता होता त्यात त्या वेळच्या हवेचे बुडबुडे अडकतात. बर्फ किती जुना ते थरावरून कळतं. तेव्हा ऊब किती होती ते बर्फाच्या पाण्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून कळतं, कारण थंडी वाढली की जड पाणी वाटेतच पडून जातं आणि ध्रुवापर्यंत पोचतं ते जास्त करून हलकं. आणि बुडबुड्यात हवा किती मावली यावरून तो बर्फ तेव्हा किती उंचीवर होता तेही सांगता येतं. डोंगरावर हवा विरळ असते, तसंच हे. बर्फाचा डोंगर खचला की बुडबुडे ते सांगतात. डोंगर खचला, तर त्याचं पाणी जायला समुद्र सोडून जागा नसते.

पूर्वी हे सगळं कळण्यासाठी बर्फ वितळवावा लागे. फार खोलवरचं एकेक वर्ष केसाहून बारीक थर होऊन बसलेलं असतं. वितळवताना शेजारची वर्षं एकमेकांत मिसळून जात. मग एक नवं यंत्र आलं. ते बर्फाला न वितळवता उजेडाने वाचतं, थर न् थर सुटा. या यंत्राने सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात एक तुकडा शोधून काढला, जो आपल्या गेल्या शंभर वर्षांशी हुबेहूब जुळत होता. तशीच ऊब, तसेच हेलकावे, तसंच मधेच थोडं थांबणं. आपल्याला एक जुळं भावंड होतं आणि ते आपल्या आधी जन्मून मोठंही झालं होतं. म्हणून केंद्रात त्या यंत्राला सगळे 'सुईण' म्हणत.

जुळ्याचं पुढे काय झालं ते बर्फात लिहिलेलं होतं. बर्फाचा डोंगर एका माणसाच्या आयुष्यात खचला. समुद्र पुरुषभर चढला आणि चढलेलाच राहिला. फ्लेक्सवरची निळी रेघ या जुळ्याची होती, आणि लाल ठिपका म्हणजे त्याच्या वाटेवर आपण आज जिथे पोचलो आहोत ती जागा.

आता एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. हिमगाभ्याची माणसं आलेख काढतात तेव्हा डावीकडे बर्फाचा वरचा भाग ठेवतात आणि उजवीकडे तळाचा. म्हणजे अलीकडचं डावीकडे, जुनं उजवीकडे. ड्रिल वरून खाली जातं, म्हणून रेघही तशीच जाते. इतर सगळं जग डावीकडून उजवीकडे जगतं. ही माणसं उलटी जगतात, आणि त्यात आपण काही वेगळं करतो आहोत हे दोनेक वर्षांत विसरून जातात. हेरंब तर लग्नाचा अल्बमसुद्धा शेवटच्या पानापासून पाहायचा. वधूवर आधी निघून जात आणि मग लग्न लागे.

*

हेरंबची आई शालन कुबल गावची सरपंच होती. गाव वर न्यायचं हे तिने दोन वर्षं लावून धरलं होतं. तिने स्वतःच्या विहिरीचं पाणी खारट होताना पाहिलं होतं, एवढाच तिचा पुरावा. गावाने तिचं नाव 'पाणीवाली' ठेवलं होतं. ती रस्त्याने गेली की मुलं पाय वर उचलून कट्ट्यावर बसत. सगळ्यात मोठ्याने हसत ते दाजी तोरसकर. त्यांचा बर्फाचा कारखाना होता, मासळीसाठी लाद्या पुरवणारा. "बर्फातला माका सांगू नको, शालनवैनी," ते म्हणायचे, "मी बर्फ विकतंय."

सभेच्या दुपारी आईने हेरंबला जेवायला वाढलं. बांगड्याची आमटी होती. तो खाली मान घालून जेवत होता.

"काय रे, घाबारलंस?"

"नाही. तयारी चांगली झाली आहे."

आईने हातातला डाव खाली ठेवला. हेरंब घाबरला की पुस्तकी मराठीत बोलायचा, हे तिला तो शाळेत असल्यापासून माहीत होतं.

"ह्या बघ," ती म्हणाली, "मी गावाक इतक्याच सांगितलंय. माझ्यार इश्वास ठेव नुकात. माझो झिल आलेख घेवन येतलो, तेच्यार ठेवा. आलेख जा सांगात ता मी ऐकतलंय, तुमीव ऐका. माझा चुकला आसात तर सगळ्यांसमोर चुकला म्हणतलंय."

"चुकलेलं नाहीये तुझं."

"मगे नीट सांग म्हणजे झाला."

*

सभा देवळासमोरच्या मंडपात होती. फ्लेक्स मागे ताणून बांधला होता. तालुक्याहून दातार मॅडम आल्या होत्या. आलेखदर्शन रीतसर झालं का ते पाहणं हे त्यांचं काम. त्यांनी किनाऱ्यावरची इतकी गावं पाहिली होती, की आता त्या आलेखाकडे न पाहता चहाकडे पाहत.

हेरंब उभा राहिला. समोर सगळं गाव. बिनचपलेचं. त्याने लेसरचा ठिपका फ्लेक्सवर टाकला. आणि केंद्रात रोज सकाळी गाभा वाचताना जिथून सुरुवात करतात तिथून केली. वरच्या बर्फापासून. म्हणजे डावीकडून.

"ही समुद्राची पातळी," तो म्हणाला. "इथे पाणी सगळ्यात वर आहे." ठिपका निळ्या रेघेवरून सरकू लागला. "मग असं उतरत, उतरत येतं... आणि इथे, या लाल ठिपक्याशी, आपण आहोत. त्याच्यापुढे हे बघा, रेघ जवळजवळ सपाट."

बर्फात वरून खाली उतरताना हे अक्षरशः असंच होतं. चूक एकही नव्हती. फक्त काळ उलटा चालला होता आणि ते सांगायचं राहिलं होतं. ते तो पुढच्याच वाक्यात सांगणार होता.

पण पुढच्या वाक्याआधी मंडपात कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पाणी इला नि गेलासुदा?"

 मग दाजी तोरसकर उठले. रेघेकडे बोट करून त्यांनी डावीकडून उजवीकडे हवेत एक घसरगुंडी काढली, ठिपक्यापाशी थांबले आणि ओरडले, "गेला! आपण ह्या बाजूक! वाचलांव!"

मंडप फुटला. टाळ्या, शिट्ट्या. बँजोवाल्यांना वाटलं कार्यक्रम संपला, त्यांनी सुरुवात केली. एका म्हातारीने येऊन आलेखाला हळदकुंकू लावलं, ते नेमकं सगळ्यात उंच पाण्याला लागलं. कुणीतरी हेरंबच्या खांद्यावर शाल टाकली. दाजींनी त्याच्या हातात नारळ दिला आणि त्याला मिठी मारली. दाजींच्या अंगाला बर्फाच्या कारखान्याचा थंड, ओला वास येत होता. आयुष्यात हेरंबसाठी एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या. शाळेत त्याला 'कुबल्या' म्हणत. आता लोक 'हेरंबसाहेब' म्हणत होते.

त्याने तोंड उघडलं. तोंडात वाक्य तयार होतं: थांबा, उलट आहे. चार शब्दसुद्धा नव्हते. पण मिठीत असताना बोलणं बरं दिसत नाही असं त्याला वाटलं. मिठी सुटल्यावर बोलू. मिठी सुटली. मग टाळ्या थांबल्यावर बोलू असं वाटलं. टाळ्याही थांबल्या.

टाळ्या थांबल्या कारण त्याची आई उठली होती.

तिने आलेखाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिनेही तो सगळं जग पाहतं तसाच पाहिला. मग पदर सावरून ती गावाकडे वळली.

"मी दोन वर्सां तुमका भिवडवलंय," ती म्हणाली. "पोरांका रात्रीची झोप लागना नाय झाली माझ्यामुळे. कोणी घराची डागडुजी केल्यान नाय, पोरींची लग्नां थांबली. माझा चुकला. आलेख सांगता म्हणजे चुकला. माका माफ करा."

आणि तिने हात जोडले. दाजींना वेगळे जोडले.

हेरंब व्यासपीठावर होता. त्याच्या खांद्यावर शाल होती. हातात नारळ होता. बोलायला याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि याहून वाईटही. आता बोलायचं तर आधी का बोलला नाहीस याचं उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून त्याने नारळाच्या शेंडीकडे पाहिलं. शेंडी छान होती.

'गाव हलणार नाही' हा ठराव हात वर करून मंजूर झाला. आईनेही हात वर केला.

"फार सुंदर समजावलंत," दातार मॅडम जाताना म्हणाल्या. "बाकी ठिकाणी लोक रडतात हो."

*

त्यानंतरच्या दिवसांत हेरंबला गावात कुठेही पैसे द्यावे लागले नाहीत. न्हाव्याने फुकट दाढी केली. दाढी करताना न्हावी म्हणाला, "साहेब, मागच्या अंगणात खोली काढीन म्हणतंय. आता भय नाय मां?" हेरंबच्या गळ्यावर वस्तरा होता. त्याने मान हलवली नाही. न्हाव्याने ती न हललेली मान होकार समजून घेतली.

आपण असं का करतो आहोत याची त्याने मनाशी शास्त्रीय कारणं काढून पाहिली. आपण खोटं बोललेलो नाही. आलेख जसा होता तसा दाखवला. जुळी भावंडंसुद्धा वेगवेगळी वागतात. मावशीच्या जुळ्यांपैकी एक पोलिसात आहे आणि एकाला पोलीस शोधतात. तेव्हा पाणी कदाचित चढणारही नाही. हा मुद्दा त्याला दोन घास जेवेपर्यंत पुरला.

आई मात्र बदलली. सरपंचाच्या खुर्चीवर ती कडेला बसू लागली, कुणी उठवायला येईल अशी. ज्या ज्या घरांना आपण घाबरवलं त्या त्या घरी ती ओल्या खोबऱ्या-गुळाच्या करंज्या घेऊन गेली. दाजींच्या घरी दोनदा गेली. मुलं आता ती दिसली की पाय वर घेत नसत, फक्त हसत, आणि तीही त्यांच्याबरोबर हसे. ते हेरंबला बघवत नसे. त्याने आईच्या आधी जेवायला आणि आईच्या नंतर उठायला सुरुवात केली. सत्काराचा नारळ आईने देवापुढे ठेवला होता. हात जोडताना त्याला तो नारळ वगळून बाकीच्या देवांना नमस्कार करावा लागे.

दाजींनी आलेख स्वतःच्या खर्चाने रस्त्यावर आडवा टांगला. आईच्या घरासमोर, तिला रोज दिसावा म्हणून. पण टांगताना ते उत्साहात होते, आणि उत्साहात माणूस वाऱ्याचा विचार करतो, बाजूचा नाही. आलेखाचं तोंड कारखान्याकडे आलं आणि पाठ आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.

*

सकाळी हेरंब चहाला आला तेव्हा आई खिडकीशी उभी होती. कारखान्याच्या बाजूने ऊन वर येत होतं आणि फ्लेक्समधून आरपार इकडे दिसत होतं. मान्यवर उलटे हसत होते. 'आपण इथे' ही अक्षरं उलटी झाली होती. लाल ठिपका आता डावीकडे होता. आणि ठिपक्यापासून उजवीकडे निळी रेघ उठत, उठत, हळदकुंकवापर्यंत चढत गेली होती.

"हेरंबा," आई म्हणाली. पाठमोरीच. "इकडसून बघलंय तर पाणी चढता."

"ती मागची बाजू आहे."

"खरी बाजू खंयची?"

इथे हेरंबला एक अगदी खरं उत्तर उपलब्ध होतं. त्याने ते दिलं. "समोरची."

आई चहा ओतायला वळली. त्याला वाटलं सुटलो. तिने कप त्याच्या पुढे ठेवला, स्वतः समोर बसली आणि विचारलं, "मगे तुझ्या त्या खऱ्या बाजून उद्या खंय येता?"

कपातल्या चहावर साय धरत होती. हेरंबने सायीकडे पाहिलं.

"डावीकडे," तो म्हणाला.

 आईने खिडकीतून पुन्हा एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हिशेब लावत होती. कुठल्या क्षणी त्याला माहीत होतं आणि तिला नव्हतं, याचा.

"तुका म्हायत होता."

"हो."

"मी हात जोडी होतंय तेव्हा तू खंय होतस?"

"व्यासपीठावर."

"काय करी होतस?"

"नारळ धरून उभा होतो."

आईने मान हलवली. हे तिला पटलं, म्हणजे तिला तो तसा दिसला. मग ती उठली, देवापुढचा नारळ उचलून तिने त्याच्या कपाशेजारी आणून ठेवला.

"ह्यो माझ्या देवाजवळ नुको," ती म्हणाली. "खोट्या सत्काराचो. फोडूचोव नाय. तू सांभाळ. नि आता सभा बोलवतंय."

*

सभा पुन्हा बोलावता येत होती. कायद्यात तशी सोय होती: दर्शन चुकीचं झालं असेल तर दाखवणाऱ्यानेच गावासमोर उभं राहून तसं सांगायचं. मग ठराव पुन्हा मांडता येतो. ज्याने सांगितलं त्याला मात्र पुन्हा कधीही, कुठेही आलेख दाखवता येत नाही. दातार मॅडमनी हे हेरंबला फोनवर दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "अहो, पण मग राहू दे की. सगळे खूश आहेत ना?"

मंडप पुन्हा भरला. लोक खुशीत होते. त्यांना वाटलं दुसरा सत्कार आहे. एकाने तर आणखी एक शाल आणली होती.

हेरंबने सांगितलं. काळ कुठून कुठे जातो, वरचा बर्फ कुठला, तळाचा कुठला, मान्यवरांच्या मागे कुठले आकडे आहेत. रेघ कशी वाचायची. अस्खलित पुस्तकी मराठीत सांगितलं. सांगून झालं तेव्हा मंडपात कोंबडीसुद्धा हलत नव्हती.

मग दाजी हसले.

"परवा पाणी उतरता, आज चढता," ते म्हणाले. "आलेख काय तो, का भरती-ओहोटी?"

हशा. मागून कुणी ओरडलं, "आवशीन पढवल्यान!" आणि मग तेच सगळीकडून आलं. पाणीवालीने पोराला पढवलं. पाणीवालीला सड्यावर बंगला पाहिजे. हरली तर आलेख फिरवलान. आई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

हेरंबने हे धरलंच नव्हतं. खरं सांगितल्यावर आईवरचा डाग जाईल असं त्याला वाटलं होतं. उलट तो आता गडद झाला होता.

दातार मॅडम घड्याळाकडे पाहू लागल्या.

"माका एक सांग," दाजी म्हणाले. ते मजेत होते. "उलटा होता तर त्याच दिवशी कित्याक नाय सांगलंस? तोंड होता मां तुका?"

  हेरंबचे कान इतके तापले होते की त्याला मंडपाचा आवाज लांबून येतोय असं वाटलं.

"तुमी टाळ्यो वाजवी होतास," तो म्हणाला.

हशा थोडा कमी झाला. तो पुस्तकी बोलत नव्हता, हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. तिने मान वर केली.

"माका बरा वाटला. तुमी माका साहेब म्हणालास. शाळेत माका कोणी खेळाक घेय नाय. दाजींनी मिठी मारली तेव्हा मी म्हणालंय, आता सांगतंय, मगे सांगतंय." त्याचा आवाज चिरकला, आणि कुणी हसलं नाही. "मगे आई उठली. तिचा बरोबर होता, नि ती तुमची माफी मागी होती, नि माका म्हायत होता. मी नारळाची शेंडी बघी होतंय. तिना हात जोडले तरी मी शेंडीच बघी होतंय. मगे चार दिवस तुमच्याकडे फुकट दाढी केलंय."

न्हाव्याने खाली पाहिलं.

हेरंबला आता आलेखाबद्दल काही बोलायचं उरलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला. चेहरा लाल, नाक वाहत होतं, हातात लेसर चालूच राहिला होता आणि त्याचा ठिपका स्वतःच्याच अनवाणी पायावर पडला होता. मंडपातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पाहवेना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. अशी लाज त्यांनी आधी पाहिली होती, घरात, आपापल्या माणसांच्या तोंडावर. ती कुठून कुठे वाचायची हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

दाजी बराच वेळ उभे होते. मग खाली बसले.

"ह्या खरा आसा," ते म्हणाले. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आलेख माका तेव्हाव कळाक नाय नि आताव कळना नाय. पण सोताबद्दल असा खोटा कोण सांगीत नाय."

मग त्यांनी शालनकडे पाहिलं, आणि तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. हे बरोबरच होतं असं दाजींनाही वाटलं असावं.

हात वर झाले. सगळे नाहीत; काही घरांनी शेवटपर्यंत हात मांडीवरच ठेवले. पण पुरेसे झाले. न्हाव्याने दोन्ही वर केले, त्यातला एक मॅडमनी खाली घ्यायला लावला. दाजींचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, अर्धाच, कोपरात दुमडलेला, रिक्षा थांबवावी तसा. मॅडमनी तो मोजायचा की नाही असं विचारलं.

"मोजा," दाजी म्हणाले. "बर्फाचो कारखानो पाण्यात जातलो आसा. हेच्याहून मोठी चेष्टा माझी कोणी करूची नाय."

*

हेरंब आता आलेख दाखवत नाही. केंद्रात तो शीतघरात असतो, गाभ्यांच्या नळ्यांवर 'वर' आणि 'खाली' असे बाण काढतो. हे काम पूर्वी कुणीच मनापासून करत नसे. तो इतक्या ठळक बाणांनी करतो की पाहुणे शास्त्रज्ञ त्याला विचारतात, इतके मोठे बाण कशाला? तो 'सवय' म्हणतो.

नारळ त्याने शीतघरातच ठेवला, जुळ्याच्या तुकड्याशेजारच्या फळीवर. घरात ठेवला असता तर खवट झाला असता, फोडायची परवानगी नव्हती, आणि दाजींनी परत घ्यायला नकार दिला होता. सत्काराचा नारळ परत घ्यायची पद्धत नाही म्हणाले. तपासनीस आले तेव्हा त्यांनी हा कुठल्या काळातला नमुना आहे असं विचारलं. हेरंबने 'अलीकडचा' असं सांगितलं.

गाव सड्यावर गेलं. आईच्या नव्या घराला पडवीवर पत्रे यायला वेळ लागला, तेव्हा तिने दाजींकडून तो फ्लेक्स मागून आणला आणि सावलीसाठी ताणला. तोंड बाहेर, पाठ आत. पडवीत येऊन बसणारा म्हणतो, शालनताई, उलटा लागलाय. ती म्हणते, असू दे, ह्या बाजून माका कळता.

हेरंबला तिने घरी ये असं म्हटलं नाही. तोही आपणहून गेला नाही. रविवारी ती फोन करायची. फोन फार लांब नसे.

"नारळ आसा?"

"आहे."

"बरा." आणि फोन बंद.

असं पावसाळाभर चाललं. मग एका सकाळी तो शीतघरात शिरला आणि फळीखाली त्याला करवंटीचा कपचा दिसला. नारळाला शेंडीपासून तळापर्यंत भेग गेली होती. आतलं पाणी केव्हाच गोठलं होतं; करवंटीने इतके दिवस कसाबसा तग धरला होता. गोठताना पाणी फुगतं आणि जागा मागतं, आणि नारळात जागा नव्हती. भेगेतून पांढरा बर्फ कडेपर्यंत वर आला होता. हे भौतिकशास्त्र शाळेतलं आहे. हेरंब हातमोजे घालून त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि त्याचे कान, उणे तापमानात, हळूहळू तापत गेले.

रविवारी फोन आला.

"नारळ आसा?"

"फुटलो," तो म्हणाला.

 पलीकडे सड्यावरचा वारा आणि फ्लेक्सची फडफड ऐकू येत होती.

"तू फोडलंस?"

"नाय. मी हात लावलंय नाय. पाणी आतसून चढला नि फुटलो."

 आईने फोन ठेवला नाही हेच हेरंबला पुष्कळ होतं.

"मगे घराक ये," ती म्हणाली. "येताना तो घेवन ये. खवट नसलो तर सोलकढी करूया."